काठावर

रात्री अकराला अरण्येश्वर चौकाच्या अलीकडे
सहाशेची लाइन फुटली, आणि फोन मला आला,
कारण या भागाची कनिष्ठ अभियंता मी.
सकाळी सातपासून उभीच होते तशी,
दुसऱ्या गळतीवर, दुसऱ्या खड्ड्यापाशी.

जेसीबीनं डांबर उचललं, खाली मुरूम, खाली चिखल,
पर्वतीहून धनकवडीला निघालेलं पाणी
वाट चुकून दुकानांच्या शटरखाली शिरत होतं.
धोंडिबा शेलार मुकादम. चोवीस वर्षं व्हॉल्व्ह फिरवून
त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली.
माझ्या पहिल्या वर्षी म्हणाले होते,
"मॅडम, खड्ड्यात उतरायला आम्ही आहोत.
तुम्ही काठावर उभ्या राहा.
काठावरचं माणूस बसलं, की खड्ड्यातले हात बसतात."

म्हणून उभी.
उजव्या टाचेत खिळा, पोटात दुसऱ्या दिवसाची कळ,
आणि जवळचं स्वच्छतागृह दहालाच कुलूपबंद.
पाणीपुरवठा खात्यातली बाई
संध्याकाळपासून घोटभर पाणी प्यायलेली नाही,
याला विनोद म्हणता आलं असतं,
पण हसायला कोणाला सवड नव्हती.

फोन. सोसायटीचे चेअरमन: "सकाळी पाणी येणार का, तेवढं सांगा."
फोन. वरचे साहेब: "येणार म्हणून सांगून टाका."
फोन. घरून: "अगं, आपल्याही नळाला नुसती फुसफुस."
तिघांनाही मी एकाच आवाजात हो म्हणाले.
तो आवाज कुठून येतो, ठाऊक नाही.
इस्त्री करून ठेवलेला असतो बहुतेक,
घडी मोडायची आणि घालायचा.

दोनला पंप बंद पडला. उपसलेलं सगळं परत भरलं.
अझहरनं शिवी हासडली, माझ्याकडे बघून जीभ चावली.
मी म्हणाले, "माझ्याकडूनही एक दे."
तळजाईच्या उतारावरून वारा येत होता,
फेब्रुवारीतला, ओले पाय हुडकत.

साडेतीनला गुडघ्यांनी मला विचारलंच नाही.
रस्त्याकडेला नव्या पाइपाचा तुकडा पडला होता,
त्यावर बसले.
चक्कर नाही, काही नाही. बसले.
आणि खड्ड्यातला आवाज थांबायची वाट बघितली.

थांबला नाही.
उलट शेलारांनी फावडं टेकवलं, वर आले,
हातभर अंतर ठेवून बसले,
आणि इतका लांब श्वास सोडला
की तो चार तास आत अडकलेला असावा.
"बरं झालं बसलात," म्हणाले,
"तुम्ही उभ्या, तर मी पोरांना बसा म्हणू कसं?"

"पण तुम्हीच म्हणाला होतात..."

"म्हटलं असेन.
तेव्हा खांदा सरळ होता माझा."

मग अझहर वर आला, दिगंबर खाली उतरला.
थर्मासच्या झाकणातून चहा फिरला, एकच झाकण, सहा जण.
शेलार कुणाशी काय बोलले कळलं नाही,
समोरच्या इमारतीतल्या वॉचमनची बायको
शाल गुंडाळून आली, "ताई, आमच्या खोलीमागं हाय. या."
रात्रीतला सगळ्यात अवघड निर्णय मी तेव्हा घेतला.
गेले.
दहा मिनिटं काठावर कोणीच नव्हतं.

परतले तेव्हा जोड बसला होता,
आणि दिगंबर बोल्ट आवळत
कसलीशी जाहिरात गुणगुणत होता.

पावणेसातला व्हॉल्व्ह.
शेलार अर्धा फेरा देतात, थांबतात,
लोखंडाला कान लावतात, मग पुढचा अर्धा.
एकदम सोडलं तर लाइन पुढे कुठेतरी फुटते, म्हणतात.
त्यांना घाई करा म्हणणारा फोन
माझ्या खिशात थरथरत होता. मी हात वर ठेवले.

घरी जिना चढले, टाच न टेकवता.
नळाला आधी हवा, मग चहाच्या रंगाचं,
मग बादलीच्या तळाशी खरा आवाज.
मोरीतल्या पाटावर बसून ऐकत राहिले.
फोन वाजला.
दोनदा वाजू दिला.