तिसरा आकडा

व्हिएन्नाच्या दफ्तरखान्यातून छायाप्रत आली.
सम्राट गेला, त्याचं राज्य गेलं,
कारकुनाचा हात तेवढा मागे राहिला.
त्याचा एक सातासारखीच मान काढतो;
सात ओळखायचा तो पोटातल्या आडव्या रेघेवरून.
इथे रेघ आहे.
पण ती शाईची, की कागद दुमडल्याची,
हे भिंगाखाली धरूनही कळत नाही.

रेघ खरी असेल तर बटालियन एकशे सत्तावीस,
वर कड्यावर, तोफांच्या तोंडी.
नुसती घडी असेल तर एकशे एकवीस,
खाली सोचा नदीच्या पुलाशी,
आणि दुपारी चारपर्यंत पोचलेलीच नाही.

माझ्या नकाशावर हा फरक तीन षटकोनांचा.
पुठ्ठ्याची चौकोनी सोंगटी, नखाएवढी:
वर नंबर, खाली बळ चार, चाल तीन.
ओझ्बेय म्हणतो, टाक कुठलाही,
फासा काही नंबर वाचत नाही.
मधमाश्या पाळतो, पण धीर म्हणून नाही.

मी तोल्मिनच्या पोस्टात सहावं पत्र टाकलं.
खिडकीतल्या बाईने विचारलं, नात्यातलं कुणी?
नाही म्हणालो,
आणि खोटं बोलल्यासारखं वाटलं.

तोन्चका स्कोचिर, ऐंशी उलटलेली,
बापाचा जेवणाचा डबा घेऊन आली.
बुडाशी खिळ्याने कोरलेलं: एक, दोन,
मग गंज.
"बाप म्हणायचा, टोपीवरचा आकडा तीनदा बदलला,
उवा त्याच राहिल्या."
हसली. सोंगटी उचलली.
अंगठ्याखाली पुरती झाकली गेली.
"यात किती माणसं?"
"कागदावर नऊशे."
"आणि डोंगरावर?"

मी नियमांची वही चाळत बसलो.

रविवारी खेळून पाहिलं.
ओझ्बेयला पाच पडले.
मी सोंगटी उलटली, उलटायची असते तशी.
मागेही तोच नंबर, त्याच ठशात,
फक्त बळ दोन.
ओझ्बेयने फासा पुन्हा उचलला,
म्हणाला, चल, तुझी पाळी.

अजून छापायला दिलेलं नाही.
तिसऱ्या आकड्याच्या जागी
पेन्सिलीने लांब मानेची एक उभी रेघ,
आडवीपुरती जागा सोडून.
डबा टेबलावरच आहे.
ती न्यायला आली नाही,
मी घासलेला नाही.