चार मिनिटांचं इंधन

बोडोहून सुटलेल्या फेरीबोटीत, खिडकीशी,
ओडवार कादंबरी वाचतोय. पान दोनशे अकरा.
क्षेपणास्त्रांची पानं त्याने भराभर उलटली,
ती कुणीही लिहितं.
वीस वर्षं विमानांच्या पोटाखाली काढलेला माणूस,
त्याला एके ठिकाणी खोट सापडलीच:
त्या झाकणाला सहा स्क्रू असतात, आठ नाहीत.
पेन्सिलीने समासात त्याने तसं लिहिलंही.

पण आता ढगांत एकटी लेफ्टनंट,
रेडिओवर नुसती खरखर,
धावपट्टीवर बर्फ,
आणि इंधन चार मिनिटांचं.
ओडवारची कॉफी केव्हाच निवली.

हे मात्र लिहिणाऱ्याला नेमकं कळलंय,
काट्याचं हे सावकाश खाली येणं.

त्या फेब्रुवारीत तोही असाच उभा होता,
हातात आइविन्दच्या विमानाच्या चाकांचे ठोकळे,
आभाळाकडे कान लावून.
उजाडेपर्यंत.

पानात बोट घालून तो पुस्तक मिटतो.
मिटलेल्या पुस्तकात इंधन जळत नाही.
मोस्केनेस यायला अजून दोन तास.
समोरची मुलगी विचारते, मग पुढे काय होतं?
"अजून वर आहे ती," तो म्हणतो.