वीस साखळ्या

युद्धबंदी रात्री आठला, हे दुपारीच कळलं होतं.
रेडिओ दिघ्यांचा, आवाज आमच्या ओट्यापर्यंत.
आईनं लगेच गराडू तळायला घेतले,
जसा काही रंगा आठ वाजून पाच मिनिटांनी
आडा बाजारातून चालत येणार होता.
आठ वाजले. आप्पा चष्मा पुसत म्हणाले, सुटला.
घाईत माझी जीभ पोळली,
त्या रात्रीचं मला एवढंच नीट आठवतं.

तिकडेही दुपारीच कळलं होतं.
बातमीच्या मागोमाग दुसरा कागद आला :
आठच्या आत जे पायाखाली येईल
ते टेबलावर आपलं.
सहा चाळीसला पलटण उठली
आणि कपाशीच्या उभ्या पळाट्यांतून
पुढे गेली, घड्याळाशी शर्यत लावून.

कॅप्टनचं पत्र टाइप केलेलं, सभ्य.
आकडे दोनच.
पलटण चारशे चाळीस वार पुढे सरकली.
तुमचा मुलगा, शिपाई रंगनाथ बळवंत निरगुडकर,
उद्दिष्टाच्या साठ वार अलीकडे
इथवर आप्पांनी मोठ्यानं वाचलं.
पुढे क्रियापद होतं.

आप्पा होळकरांच्या वेळेपासून मोजणी खात्यात.
वारानं कापड मोजतात, म्हणायचे,
जमिनीला साखळी लागते.

चैत्रात पेपरात करार आला.
इकडचं घेतलेलं तिकडे, तिकडचं इकडे,
रेघ होती तिथेच.
आप्पांनी पेपरची घडी घातली,
माळ्यावरून साखळी काढली,
रात्रभर कड्यांना गोडं तेल चोळत बसले.
पहाटे मला उठवलं. मी बारा वर्षांचा.
दुसरं टोक धर. ढिली सोडू नकोस.

उंबऱ्यापासून सुरुवात.
दर साखळीला एक सळई, सळया दहा,
दहा झाल्या की सगळ्या माझ्याकडून त्यांच्याकडे
आणि पुन्हा पहिल्यापासून.
पोहेवाल्यानं शेगडी पेटवली होती.
राजवाड्यासमोर एक गाय साखळीवर पाय देऊन उभी राहिली,
आप्पा थांबले. तिला हाकललं नाही.
दूधवाले सायकलवरून उतरून, हँडल धरून,
साखळी ओलांडत गेले,
जशी कुणाची तरी मिरवणूक चाललेली असावी.

सतरा साखळ्या. मग कड्या मोजायच्या.
सत्तावीस.
स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान, फळ्या लावलेल्या,
पायरीवर गंजलेला एक पंप.
आप्पांनी सळई रोवली नाही, हातातच ठेवली.
मला वाटलं, इथून परत फिरायचं.
मी साखळी गोळा करायला लागलो
तर म्हणाले, ताण. मोजणी अर्धवट सोडत नाहीत.

विसावी साखळी कृष्णपुऱ्याच्या पुलाशी संपली.
खाली खान नदी, तिचा तो वास.
टांगा धुणारा एक म्हातारा हात थांबवून म्हणाला,
क्यों बाबूजी, सड़क चौड़ी हो रही है?
आप्पा म्हणाले, नहीं भैया.
वापस दे रहे हैं.
त्याला काय कळलं कोण जाणे,
त्यानं ओला हात कपाळाला लावला.

आप्पांची मोजणीची वही आता माझ्याकडे आहे.
त्या दिवसाचं पान बाकी पानांसारखंच :
मधोमध दोन लाल रेघा, त्यांत आकडे खालून वर चढत गेलेले,
सतरा-सत्तावीसपाशी शाईचा ठिपका,
बाजूला काही नाही.
कब्जेदाराच्या रकान्यात आडवी रेघ.
शेरा :
रस्ता सपाट. अडथळा नाही.
चालत पाच मिनिटं.