एक पॉइंट आठ

बाबालाल नदाफच्या दुकानात, काचेच्या काउंटरवर
चार कॅमेरे ओळीनं मांडलेले.
हा बघा, म्हणाला, तीसपट झूम.
सरकारी घाटावर उभं राहा,
सांगलवाडीच्या काठावर म्हैस धुणाऱ्याच्या
हातातला काथ्या दिसेल.

मी म्हणालो, मला नदी ओलांडायचीच नाही.
मला तीन फुटांवरचं बघायचंय.

तीन फूट म्हणजे विंग.
उजव्या हाताला काळा पडदा,
डाव्या हाताला माझी डिमरची पेटी,
मध्ये पत्र्याची खुर्ची,
खुर्चीत शकुंतला आरवाडे, बँकेतून निवृत्त,
मांडीवर वही,
वहीवर पाच वॅटचा दिवा, त्याला निळा जिलेटिन कागद.
छत्तीस वर्षं.
मागं सरकायला जागा नाही.
मागं भिंत, आणि भिंतीला वाळूची लाल बादली.

संस्थेच्या कपाटात अल्बम आहेत अकरा.
सगळे फोटो प्रेक्षकांतून काढलेले:
तलवारी, फेटे, रडणाऱ्या सुना,
ढाल हातात घेतलेले सेक्रेटरी, नेमके डोळे मिटलेले.
बाई एकाही पानावर नाहीत.
एका फोटोत पडद्याच्या कडेला
चपलेचं टोक आहे,
ते त्यांचं असावं.

बाबालालनं चष्मा कपाळावर चढवला.
फ्लॅश?
नाही चालणार. प्रयोग सुरू असतो.
मग मोबाइलच बरा की.
त्याचा पडदा उजळला की पहिल्या रांगेच्या माना वळतात.
शिवाय भाच्याचा मोबाइल अंधार पुसून काढतो,
आपल्या मनानं गाल गुळगुळीत करतो.
बाईंना गाल आहेत कुठं.

तेव्हा त्यानं खालच्या कप्प्यातून एक काढला,
साबणाच्या वडीएवढा,
कुणीतरी बदल्यात दिलेला, कोपऱ्याला पोचा.
चोवीस मिलिमीटर. नाकासमोर धरला तरी खोली मावते.
आणि एक पॉइंट आठ.
हे गणित उलटं असतंय बघा,
आकडा जितका लहान तितकी खिडकी मोठी.
पण झूम करत पुढं गेलात
की ती आपोआप बारीक होत जाते.
लांबचं बघायचं तर उजेड कमी घ्यावा लागतो.
हे तो कॅमेऱ्याबद्दलच बोलत होता.

साडेअकरा सांगितले, साडेदहाला दिला,
वर एक कार्ड. आणि पायरी उतरताना बजावलं:
बीप बंद करा. नारिंगी दिवापण बंद करा,
तो फोकससाठी पेटतो,
एखाद्या नटाला वाटायचं एंट्री आली.

दुसऱ्या अंकात अविनाश चिवटे
त्याच्या नेहमीच्या जागी अडकला,
तेव्हा डावा हात डिमरवर ठेवून
मी उजव्यानं बटण दाबलं.
कॅमेऱ्याचा आवाज झाला नाही.
बाईंचा झाला, "परंतु आईसाहेब,"
ओठांपासून अविनाशच्या कानापर्यंत पुरेल एवढाच.

रात्री जेवण झाकून ठेवलेलं तसंच ठेवून
मी फोटो मोठा करून बघितला.
अंधाराला दाणे भरलेत, बाजरीच्या कणसासारखे.
कडा ताणल्या गेल्यात, आणि माझं कोपर
एवढं मोठं आलंय
की ते कोपर आहे हे सांगावं लागेल.
लांब, उजेडात, अविनाश अंगठ्याएवढा, तोंड उघडं.
मध्ये बाई.
ओठ हललेले.
डोळे सरळ समोर, पडद्याच्या घडीवर.
वही मिटलेली,
आत बोट.
निळा दिवा पुठ्ठ्यावर पडलाय.

अकराव्या अल्बमचं शेवटचं पान रिकामं आहे.
फोटो धुऊन आणलाय, पाकिटात आहे,
पाकीट डिमरच्या पेटीत.
रविवारी तालमीला त्या येतील
तेव्हा त्यांना विचारायला हवं.
वहीचं नाही.
डोळ्यांचं तर नाहीच.
फोटो लावू का, एवढंच.