भरलेला चौकोन

उद्यमनगरात माझी पट्टी खोटी असते.
शंभराला ती एकशे एक मोजते,
कारण ओतलेलं लोखंड गार होताना आखडतं.
बावीस वर्षं सागवान तासतोय,
शिरोलीच्या फाउंड्रीला पॅटर्न देतोय.
माझ्या लाकडात चूक राहिली
तर ती हजार पंपांच्या पोटात जाते
आणि बोंब माझ्या नावानं होते. रास्त आहे.

वेदिका फळ्याच्या डाव्या कडेचं गणित
सोडून द्यायची.
बाईंनी वहीत लिहिलं, लक्ष नाही.
मी तिच्यावर ओरडलो.
हे इथं लिहून ठेवतो,
कारण नंतर मी ते विसरायला बघितलं.

फिल्मवर, डोळ्यामागून मेंदूकडं जाणारी नस
एका ठिकाणी जाड होती,
रानातली पाइप उन्हानं फुगावी तशी.
गाठ आहे, डॉक्टर म्हणाल्या, सावकाश वाढणारी.
मग त्यांनी पोरीच्या पाठीवरचे डाग मोजले,
चहा सांडून वाळावा तसे.
नऊ.

"घरात अजून कुणाला?"

कागदावर त्या आकृती काढू लागल्या,
पुरुषाला चौकोन, बाईला गोल,
खाली रेघ, रेघेला फांद्या.
ड्रॉइंग मला वाचता येतं.
आयुष्यात तेवढंच वाचत आलोय.

शेवंताआत्या, मी म्हणालो.
अंगभर मऊ गाठी, हरभऱ्याएवढ्या.
पोटात असताना ग्रहणात काही चिरलं असेल
म्हणून तिच्या आईनं जन्मभर स्वतःला दोष दिला.
रंकाळ्यावर बायका तिच्यापासून
हातभर लांब धुणं धुवायच्या.
आम्हा पोरांना ती गाठ दाबू द्यायची,
"बेल वाजली का रं?" विचारायची.
शेवटी डोकं दुखून दुखून गेली.
फोटो कुणी काढला नाही,
ना तिचा, ना डोक्याचा.

डॉक्टरांनी गोल काळा केला.

मग सांगितलं, पेशीत एक ब्रेक असतो,
वाढीला आवर घालणारा. त्याच्या प्रती दोन,
एक आईची, एक बापाची.
सतराव्या गुणसूत्रावर एखादं अक्षर चुकतं,
एक प्रत जन्मापासून निकामी.
दुसरी एकटीच गाडी धरून ठेवते,
घाट उतरणाऱ्या उसाच्या ट्रॉलीसारखी,
आणि कोट्यवधी पेशींतल्या एखादीत
कधीतरी तीही सुटते.
एकाच चुकीतून कुणाला नुसते डाग,
कुणाला गाठी,
कुणाच्या नसेत हे.

मला पटेना.
पॅटर्न एक तर माल एक.
आमच्यात असं चालत नाही.

"जरा शर्ट काढता?"

काढला. तोंड खिडकीकडं केलं.
खाली दसरा चौकात
गुळाच्या ढेपांचा टेम्पो सिग्नलला थांबला होता.
पाठीवर डाग, काखेत बारीक ठिपके.
आई त्यांना लासं म्हणायची, नशीबवानाची खूण.
मनगटावरचा फुगीर दाणा
मी रंध्याचा घट्टा समजत होतो.
यंत्रापुढं हनुवटी टेकवली
तर बुबुळात तपकिरी कण निघाले,
भुशासारखे.
रोज दाढी करताना
ह्याच डोळ्यांनी ह्याच डोळ्यांत बघत होतो.

"तुमच्या हातनं झालंय का?" मालन म्हणाली.
हातनं झालं असतं तर
पुट्टी भरली असती, पॉलिशपेपरनं घासलं असतं.
हा एकच पॅटर्न मी हात न लावता दिला.

डॉक्टरांकडून पेन्सिल मागून घेतली.
माझा चौकोन मीच भरला,
कडेबाहेर न जाऊ देता, सावकाश.
त्याच्याखाली वेदिकाचा गोल, काळा.
शेजारी धाकट्या विराजचा चौकोन कोरा.
दोन वर्षांचा आहे. तपासणी व्हायची आहे.
अंघोळ घालताना मालन त्याची पाठ
हल्ली फार वेळ पुसते.

दर मंगळवारी केमो.
वेदिका सलाईनचे थेंब मोजते.
रात्री माझा बनियन वर करून
बोट टेकवत माझे मोजते,
अकरावर चुकते,
"पप्पा हलू नका" म्हणते
आणि परत एकपासून धरते.