एका पंगतीला नाही

डंडीतल्या आमच्या कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात
मोरागनं माझी पिशवी काउंटरवर उपडी केली.
सात बाटल्या. ऋजुतानं मँचेस्टरहून पाठवलेल्या,
शेजारणीनं सुचवलेल्या,
एक तर अर्ध्या किमतीत मिळाली म्हणून.

सगळ्या एकदम घेता?
हो म्हटलं. मूठभर. शेंगदाण्यांसारख्या.

तिनं कागदी पिशवीच्या पाठीवर घड्याळ काढलं.
लोह सकाळी, उपाशीपोटी, संत्र्याच्या रसाबरोबर.
कॅल्शियम त्याच्या पंगतीला बसवायचं नाही,
ते रात्री.
जस्त आणि तांबं, मला वाटलं, जावा-जावा:
एकीला जास्त वाढलं
की दुसरी अर्धपोटी.

आणि चहा? मी विचारलं.
ती पेनाला टोपण लावता लावता थांबली.
लोहानंतर दोन तास नाही.

एकतीस वर्षं सकाळी सहाला आम्ही दोघं
खिडकीशी, नदीवर धुकं असो नसो,
चहा पितो.
बोललोच तर गॅसच्या बिलावर.

पहिल्या दिवशी हे कप घेऊन
मागच्या शेडमध्ये गेले, मला वास येऊ नये म्हणून.
काचेतून दिसत होते: कोट, कानटोपी,
उलट्या बादलीवर बसलेले.

तिसऱ्या दिवशी गेलेच नाहीत.
म्हणे, हल्ली सकाळी ॲसिडिटी होते.
ॲसिडिटी! ह्या माणसाला,
जो मिरचीचा ठेचा नुसता खातो!

आठ वाजता मी आधण ठेवलं.
ओट्यावर बशीखाली झाकलेलं आलं,
कधीचं किसलेलं,
कडेनं सुकत आलेलं.