माशीची गाठ

शेड विकली तेव्हा माग भंगारात गेले,
किलोवर.
मी कांड्या मागितल्या, रंग न जुळणाऱ्या, उरलेल्या.
"काय करलालास बे कांड्या नेऊन?"
काट्यावरचा पोरगा हसला.
मी पिशवी भरली. सांगितलं नाही.

आता घरकुलाच्या खोलीत, खिडकीच्या फळीला
सोनाराकडचा जुना शिकंजा आवळलाय,
त्याच्या जबड्यात गळ, बारा नंबरचा.
बायको सुपात पानं घेऊन विड्या वळते,
मी माश्या.
दोघांनाही दोराच लागतो.
दिवस मावळेपर्यंत तिच्या आठशे होतात,
माझी एक,
तीही कधी मान मोडलेली.

श्रावंती विचारते, मामा, पहिलं काय?
पहिलं दोरा.
गळाच्या दांडीवर वेढ्याला वेढा खेटून,
मधे लोखंड दिसलं तर उसव.
मग शेपूट: बोकडाच्या दाढीचे सात केस,
आठवा झाला की माशी पाण्यात कलंडते,
का, ते मला विचारू नकोस.
अंगाला मोरपिसाचा एकच धागा,
मानेला गावठी कोंबड्याचं पीस.
इसाक चिकनवाला ती बाजूला काढून ठेवतो
आणि दरवेळी विचारतो,
करणीबिरणी तर नाही ना, चाचा?

रविवारी हिप्परग्याच्या तलावावर
ती दोरी फेकते, चाबकासारखी, घाईनं,
आणि माशी मागं बाभळीत.
अगं, धोटा पलीकडं पोचायच्या आत
फणी ठोकते का कुणी?
दोरी मागं जाऊ दे. सरळ होऊ दे.
तिचं वजन बोटाला कळलं
की मग पुढं.
तिला धोटा माहीत नाही. तिनं माग चालताना पाहिलाच नाही.
मी हवेत हात हलवून दाखवतो: खट्, आणि खट्.
मधल्या गप्पपणात थांबायचं, एवढंच.

चिलापीसाठी डोकं लढवू नकोस.
पिल्लं राखत असली की ती कशावरही धावते,
भुकेनं नाही, रागानं.
अशी लागलेली मी सोडून देतो,
घरी सांगत नाही.
रोहूला हिरवी लोकर, शेवाळाच्या पुंजक्याएवढी,
बुडू दे, आणि दुसऱ्या कशाचा तरी विचार कर.
कटल्याचं मला अजून कळलेलं नाही. सोळा वर्षं झाली.
मरळीला बेडूक हवा:
टॉवेलची लव कात्रीनं गोल कापून,
पानांच्या कडेकडेनं, थांबत, थांबत.
पाणी फुटलं की लगेच ओढायचं नाही.
एक, दोन, मग स्वतःचं पूर्ण नाव, आडनावासकट.
मग हिसका.

गेल्या श्रावणात एक मरळ
माझं "मल्लेशम राजय्या चिप्पा" म्हणून व्हायच्या आत
दोरी तोडून गेली.
पिवळा-तांबडा बेडूक घेऊन गेली.
तो रंग आमच्या शेवटच्या लॉटचा,
परदेशातून परत आलेला, कच्चा म्हणून.

परवा बांधावर तुळसा नगरेंनी जाळं ओढलं,
टोपलीत मरळ, हाताएवढी.
"हे तुमचंच ना?" म्हणाल्या,
आणि तिच्या ओठातून
माझा बेडूक काढून तळहातावर ठेवला.
गळ गंजून अर्धा झालेला.
लव झडलेली.
वेढे तसेच, खेटून,
आणि रंग
पिवळा, तांबडा.

मी बराच वेळ बघत राहिलो.
श्रावंती म्हणाली, मामा, चल.
मी किंमत विचारली, उगाच, काहीतरी बोलायचं म्हणून.
"मासा तीनशेला," तुळसाबाई म्हणाल्या,
"माशी फुकट."